मांजर म्हणा, हंदी म्हणा

जांबोटीच्या पुढं डाव्या हाताला फाटक.
पाटी कन्नडात.
मी अक्षराला अक्षर जुळवतोय तोवर
तिसरीतल्या भैरवीनं एका दमात वाचून टाकली
आणि वळून, मला कळावं म्हणून, मराठीत सांगितली :
"सर, पिल्लं वाढवत्यात हितं."

आम्ही अकराजण. म्हणजे अख्खी शाळा,
एका टेंपोत मावलेली.
सुफियानच्या पाठीला पांडाचं दप्तर,
पांडाचा एक डोळा उसवून पडलेला.
निघाल्यापासून त्याचं एकच,
"पांडा असंल न्हवं?"
आणि मी, "बघूया की."
चोवीस किलोमीटर, बघूया की.

फकिराप्पानं बोट केलं.
गजाआड माती, मातीत एक गोळा,
पालथ्या घमेल्याएवढा,
वर खवले, खानापुरी कौलं शाकारल्यागत.

"खवल्या मांजर," मी म्हणालो.
"चिप्पु हंदी," फकिराप्पा म्हणाला.
"हंदी म्हणजे डुक्कर की वो!" भैरवी फिदीफिदी.
झालं. दोन गट पडले तिथल्या तिथं.
कुणीतरी मुठी वळून, घरी ऐकलेल्या चालीवर,
"मांजर झालंच पाहिजे!"
मी डोळे वटारले. हसू आवरत.

गोळा हलला नाही.
त्याला दोन्ही नावं ऐकू गेली असणार.

"झोपूलंय," फकिराप्पा आमच्या बोलीत म्हणाला,
"रात्री उठतंय. पिल्लू आईच्या शेपटीवर बसून फिरतंय."
मुलांना ते फार आवडलं.
किती पिल्लं झाली, मी विचारलं.
त्यानं दोन बोटं वर केली. सहा वर्षांत.
मग एक बोट मिटलं.
मला हजेरीचं पुस्तक आठवलं,
यंदा पहिलीच्या पानावर एकच नाव,
खाली आखलेल्या रिकाम्या ओळी.
ते काही मी बोललो नाही.

त्यानं वारुळाचा तुकडा आत ठेवला, वाळवीसकट.
आम्ही उभे राहिलो. पाय दुखेपर्यंत.
टेंपोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.
मग एक कौल हललं, दुसरं,
फटीतून चिंचोळं तोंड,
आणि तोंडातून जीभ,
लांब, लांब, संपेचना,
चाचपत गेली वाळवीपर्यंत
आणि परत.

कुणी श्वास घेईना. नाव तर कुणीच घेईना.

सुफियाननं हळूच दप्तर उतरवलं,
पोटाशी धरलं, गजाला टेकवलं,
उरलेल्या डोळ्याची बाजू
आत करून.