नजर विचलित

चौकशी समितीवर माझं नाव आलं
मी संख्याशास्त्र शिकवतो म्हणून;
शिवाय तासिका तत्त्वावर आहे,
म्हणजे नाही म्हणणार नाही, म्हणूनही.

प्रभुदेसाई मॅडमनी लिंक पाठवली.
तृतीय वर्ष, सत्र पाच. एकशे सतरा चित्रफिती,
यंत्राने लाल झेंडा लावलेल्या.
"सर, फक्त बघायचं. होय किंवा नाही."

तर मी इथे चेंबूरला, स्टाफरूमच्या कोपऱ्यात,
खरटमल सरांच्या डब्याशेजारी संगणक मांडून
पोरांच्या घरात शिरतो.
चपला न काढता.

वर्गात चेहरे होते. आता भिंती ओळखू येतात.
चौतिसाच्या मागे खांद्यापर्यंत चढलेली ओल.
बावन्नच्या मागे देवघर, त्यावर आईची साडी टाकलेली:
दुसरा चेहरा दिसला तर पेपर बाद,
म्हणून दीड तास देवही पडद्याआड.
भोईर जिन्यात बसलाय.
"चौकटीत अन्य व्यक्ती", नऊ वेळा.
नऊही वेळा नुसते पाय,
एकदा पाण्याची कळशी.

नाही. नाही. नाही.

मिनाज तांबोळी, अँटॉप हिल.
मिनिट एकेचाळीस: नजर विचलित, डावीकडे.
मिनिट चव्वेचाळीस: पुन्हा.
उजव्या हाताचं एक बोट वर. मग दोन.
यंत्र म्हणतं, खुणा. संशय ब्याण्णव टक्के.
ब्याण्णव टक्के म्हणजे काय
हे शिकवण्यावरच माझं पोट आहे,
म्हणून आवाज वाढवला.

शिट्टी.

मागे नेऊन पुन्हा ऐकली.
कुकरची. बोट एक.
बोट दोन.
तिसऱ्या बोटाला उठायला हवं. ती उठत नाही.
उठलं की परीक्षा बंद, नियम सात, पोटकलम आ.
चौथी होते. पाचवी.
ती प्रश्न वाचतेय, ओठ हलतात,
ओठांचाही वेगळा झेंडा आहे.
सहावी.
डाळ बुडाला लागली असणार.
यंत्राला वास येत नाही.
मला आला, शपथ.

तो प्रश्न सत्ताविसावा. मीच काढलेला:
दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का, ते ठरवा.

धोरणाची पुस्तिका टेबलावरच आहे, गुळगुळीत कागदाची.
पान बारावर झाडाखाली एक मुलगी,
मांडीवर लॅपटॉप, हसतेय.
शिक्षण कुठेही, केव्हाही.
कुठेही, हे खरं. मी बघून आलो.
केव्हाही मात्र नाही.
सकाळी दहा ते साडेअकरा.

कारणांच्या यादीत चार पर्याय:
पुस्तक, मोबाइल, अन्य व्यक्ती, तांत्रिक बिघाड.
"इतर"वर टिचकी मारली की खाली
बोटभर जागा उघडते. तीत लिहिलं:
कुकर. गॅस बंद करायलाही उठली नाही.
यंत्राने विचारलं, खात्री आहे?
किती टक्के, ते विचारलं नाही.

"जेवताय का?" खरटमल.
मी डब्याकडे बघितलं, एवढ्यात पडद्यावर पाटी:
परीक्षकाची नजर हटली. पुढे चालू ठेवायचं?
खरटमल इतके हसले की ठसका लागला.
या कामाचं मानधन ठरलेलं नाही, हे त्यांना माहीत आहे.

दुपारपर्यंत यादी शेवटाला आली,
तेव्हा लक्षात आलं, एकसष्ट नंबर कुठेच नाही.
पूनम हिवाळे. दाराजवळच्या बाकावर बसायची,
तास संपला तरी शंका संपायच्या नाहीत,
मला पुढच्या कॉलेजला पोचायला उशीर व्हायचा.

तिचं पान उघडलं.
लॉगिन: नाही.
चित्रफीत: नाही.
आक्षेप: नाही.
संशय: शून्य टक्के.

ऑफिसात फॉर्मवर तिचा नंबर असेल.
खिडकी साडेचारला बंद होते.
चार वीस झालेत.