रावणमाड, नग एक

चार इंची सांडपाण्याचा पाइप, साडेतीन फूट,
उभा चिरून पुन्हा तारेने बांधलेला.
तळाला जाळी, आत रेती आणि कुजका पाला.
कुंडीत हे झाड लागत नाही,
दोन बिया वाया घालवून शिकलो.
याला आधी खाली जायचं असतं.

रेवदंड्याहून सात आणल्या होत्या,
तपकिरी, एका बाजूला कुबड आलेल्या,
जुन्या दाराच्या मुठीएवढ्या.
पाच दिवस भिजवल्या, रोज पाणी बदलून.
मग आषाढ ते माघ : काही नाही.
सेक्रेटरी कुट्टप्पन रोज फेरी मारताना विचारायचे,
"टिपणीस, पाइपमध्ये काय पेरलंय? पाणी?"

सोसायटीच्या मागे खाडीची भिंत.
उधाणाला मातीत मीठ चढतं.
गुलाब गेले, सुपारी गेली,
नर्सरीतले शोभेचे पाम कडेने भाजून गेले.
फाल्गुनात राहवलं नाही, एका पाइपची तार सोडली.
पांढरं मूळ हातभर खाली उतरलेलं,
आणि वर
अजून एक पान नाही.

तार पुन्हा बांधली. हात धुतले.

तेविसाव्या वर्षी याच करावे गावात
मी मोजणीची साखळी ओढायचो.
संपादनाची छापील यादी, प्रत्येक झाडाला दर.
आंबा. चिंच. नारळ, फळता. नारळ, न फळता.
शेवग्यालासुद्धा होता.
बांधावर एक माड, दोन पुरुष उंचीवर दुभंगलेला,
पुढे त्या फांद्याही दुभंगलेल्या.
वारा आला की चारी डोकी
वेगवेगळ्या वेळेला हलायची,
जसं घरात एकाच गोष्टीवर चौघांचं मत.
यादीत त्याला ओळ नव्हती.
मी लिहिलं : रानटी ताड, नग एक, दर नाही.

हाशा म्हात्रे अंगठा उठवायच्या आधी वर बघत म्हणाला,
"सायेब, चार डोकी हान त्याला.
एकाचा पन दर नाय?"
सगळे हसले. मीही हसलो,
आणि शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर मारली.

तिथे आता पाणी उपसायचा पंप आहे.
भरतीच्या रात्री त्याचा आवाज माझ्या खिडकीत येतो.

सातांतली चार उगवली.
नर की मादी, ते कळायला वीसेक वर्षं.
दोन्ही असतील तरच फळ.
दुभंगेल कधी, ते मी विचारतच नाही,
मला सदुसष्ट चालू आहे.
"नाव तरी बदला," कुट्टप्पन म्हणतात,
"रावण गेटवर नको, लोक तक्रार करतील."
मग स्वतःच वाकून पानाला नख लावून बघतात,
त्यांच्या गावाकडे असलं काही नाही म्हणतात,
आणि हे सांगताना थोडे नाराज दिसतात.

एक रोप हाशाच्या नातवाला दिलं.
वेल्डिंगचं दुकान आहे त्याचं, पाइपच्या कड्या त्यानेच करून दिल्या.
"काटं येतान का याला?"
येतात, म्हटलं, देठाला, चांगले वाकडे.
"मंग कुंपनाला लावतो."
आजोबाचं काही बोललो नाही.
पैसे द्यायला गेलो तर तो घेईना,
तेव्हा मात्र तोंडाशी आलं होतं.

रविवारी सकाळी पट्टी घेऊन बसतो.
पहिलं पान दोन बोटं रुंद,
नकाशासारखं घड्या पाडलेलं,
उलगडायची घाई नसलेलं.
वहीत नोंद करतो, जुन्याच वळणाच्या अक्षरात :
रावणमाड. नग एक.
उंची नऊ इंच.
डोकी,
सध्या एक.