सातव्या मिनिटाला

दौलताबादच्या पायथ्याशी, सीताफळवाल्यांच्या पाट्या संपतात
तिथं आमचा पत्र्याचा हॉल.
दीडशे रुपये, अकरा मिनिटं,
एकही पायरी न चढता किल्ला सर.

माझं काम चष्मे पुसायचं.
स्पिरिटचा कापूस आतल्या काचेवरून फिरवायचा,
कडेच्या फोमवर काजळ, पावडर, घाम,
कुणाचं खोबरेल.
जालन्याच्या सहलीतली पोरं येऊन गेली की
पट्ट्यांना अर्धा दिवस चिवड्याचा वास.

बाहेरून बघणारीला गंमत वाटते.
सोळा खुर्च्यांवर सोळा माणसं
तोंडं उघडी टाकून हवेत हात फिरवतात,
जणू सगळ्यांची एकदमच किल्ली हरवलीय.
बँकेतले साहेब पाय वर घेतात,
खंदकात मगर आलेली असते.
नवी नवरी नवऱ्याचा समजून
शेजारच्या मास्तरांचा दंड धरते.
मी कुणाला सांगत नाही.

सहाव्या मिनिटाला अंधारी लागते.
वर खरी आहे,
पण तिथवर जायला गुडघे लागतात.

कचरूनाना एकतीस वर्षं ती वाट दाखवायचे.
काठीला चिंधी, चिंधीला घासलेट,
मागे माणसांची रांग.
आता लोक खालूनच परततात.
नाना दुपारी आमच्या कूलरपुढं बसतात,
बाटली भरून घेतात,
आणि पुण्याहून भरून आलेल्या त्या घोगऱ्या आवाजाला
"बरा बोलतो," एवढंच म्हणतात.

भाद्रपदातल्या एका मंगळवारी गिऱ्हाईक नव्हतं.
म्हटलं, नाना, बसा. फुकट.
टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.
पट्टा मी आवळला,
तेव्हा दिसली कानामागची भाजल्याची जुनी खूण.

दरवाजे, तोफ, पूल. नाना गप्प.
मग अंधारी आली
आणि टोपी खाली पडली.
नाना उठले होते.
डावा हात वर, मूठ वळलेली,
बारा फूट उंच पत्र्याखाली कंबरेत वाकून
मागच्या पंधरा रिकाम्या खुर्च्यांना म्हणाले,
"डोकं सांभाळा. पोरीला मधी घ्या.
पायरी मापून टाका, सारख्या न्हाईत त्या."

वायर ताणली. ती धरून मी त्यांच्या मागं मागं.
सात पावलं. मग थांबले.
"हितं मी मशाल इझवायचो.
मिनिटभर. सांगायचं काईच न्हाई.
ज्याला त्याला आपलं काळीज ऐकू येतंय.
एक बाई रडली होती हितं, कन्नडची.
खाली येऊन दहाची नोट दिली,
म्हणली, लई बरं वाटलं."

सिनेमा थांबला नाही.
तो उजेडात निघाला, बारादरीवर गेला,
तिथून ढगात, तिथून नावांच्या यादीत.
संगीत वाजलं, संपलं.
नाना उभेच, हात वर.
"तुमचा माणूस गेला गं पुढं," म्हणाले,
"त्याला म्हणाव, मागं माणसं ऱ्हायलीत."

चष्मा काढला तेव्हा आतून कोरडा होता.
उगाच सांगत नाही, मी तपासला, ते माझं कामच आहे.
कूलरपुढं बसून म्हणाले,
वटवाघळाचा वास न्हाई. बाकी बेस हाय.

तेव्हापासून दिवसाच्या शेवटच्या खेळात
सातव्या मिनिटाला मी बटण दाबते.
सोळा काचा काळ्या. आवाज बंद.
लाइट गेली का. मशीन बिघडली. पैसे परत.
मी साठपर्यंत मोजते.
तिसाच्या आसपास बोलणं विरतं.
चाळिसाला, हवेत फिरणारे हात
खाली येऊन चाचपू लागतात
खुर्चीचा दांडा, स्वतःचा गुडघा,
शेजाऱ्याची बाही.

मॅनेजर म्हणतो, तक्रार आलीय. लेखी.
मी म्हणते, जुनं यंत्र आहे सर, अडकतं.

परवा एका पोरीनं, सातवीतली असेल,
माझंच मनगट पकडलं, मी जवळ उभी होते.
कोण ते विचारलं नाही.
बोटं गार होती, तिखटमिठाची.
साठ झाले. तिनं सोडलं नाही.
त्या दिवशी मी एकोणनव्वदपर्यंत मोजलं.