सात हुकूम

मंगळवारी दुपारी तीनला
शाहूपुरीत, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत
दोन टेबलं लागतात.
तेरा-तेरा पानं तोंडासमोर धरून आम्ही बसतो.
खाली कुणीतरी चाकात हवा भरत असतं.

माझ्यासमोर बाहुबली अण्णा चौगुले.
चाळीस वर्षं गुळाच्या सौद्यात गेली,
अडत मिटली तरी बोटांचा वास गेला नाही.
पानं चिकटतात म्हणून सणगर कुरकुरतात.
अण्णा म्हणतात, "सौद्यात आकडा ऐकायचा न्हाई बाई,
आकड्याआधी मानूस किती थांबतोय, ते ऐकायचं."

इथं नेमकी त्याला बंदी.
भिडू किती थांबला ते कानाआड टाकायचं.
काय म्हणाला,
आणि काय म्हणता आलं असतं पण म्हणाला नाही,
तेवढंच आपल्या मालकीचं.

त्या दिवशी माझ्या हातात
इस्पिकचे एक्का, राजा, गुलाम, दश्शी.
बदामाची चार पानं, चारही भिकार:
अठ्ठी, छक्की, चव्वी, दुर्री.
चौकटची राणी एका पंजीचा हात धरून,
किलवरचा राजा, मागं दोन चिल्लर.

अण्णा म्हणाले, एक चौकट.
मी म्हणाले, एक बदाम.
(पत्रिकेत चुलत्यांचं नाव घालावंच लागतं, तसं.)
अण्णा म्हणाले, दोन किलवर.

चार इस्पिक असते तर याच पायरीवर बोलले असते.
चार बदाम असते तर माझ्या बदामाला टेकू दिला असता.
मग मी दोन इस्पिक म्हणाले.
हे सांगणं नव्हे, विचारणं.
चौथ्या रंगाचं दार किलकिलं करून,
आत कोण आहे का म्हणून.

नोट्रंप म्हणाले नाहीत, म्हणजे इस्पिक अडवायला काही नाही.
बदामाकडं वळले नाहीत, म्हणजे तीनही नाहीत.
चौकट पुन्हा नाही, किलवर पुन्हा नाही.
तीन इस्पिक, म्हणाले अण्णा.

पाच, चार, तीन.
बारा झाले.
तेरावं पान एकटं, आणि बदामाचं.
पाठमोरं असूनही दिसलं मला.

आठ जमले की जोडी जुळली म्हणतात.
आमचे आठ कुठंच नव्हते.
चौकट सात, किलवर सात, इस्पिक सात,
बदामाचं तर नावच नको.
गुण जुळवणाऱ्यानं पंचांग मिटलं असतं.
पण सातातही एक सात असा असतो
की तीनवाल्यानं चारवाल्याचं भिकारपण कापत जावं
आणि चारवाल्यानं आपले चार राखून धरावेत.

चार इस्पिक, मी म्हणाले.
मिरजे वकिलांनी बदामाचा राजा टाकला.
अण्णांनी पानं मांडली,
कडेला बदामाची नव्वी. एकटी.
वकिलांना कळलं, पुढच्या हाताला हुकूम फिरवला त्यांनी,
पण उशीर झाला होता.
दहा हात झाले.
पलीकडच्या टेबलावर याच पानांवर तीन नोट्रंप,
आणि पहिल्या दमात पाच बदाम गेलेले.

"एकच बदाम हाय, कसं वळखलासा?"
"बाकीचं सगळं तुम्हीच सांगितलंत."
अण्णा हसले. दात कमी, हसू बरंच.

साडेपाचला त्यांचा डबा निघतो,
दिवस रंकाळ्यापलीकडं कलायच्या आत जेवायचं असतं.
झाकणावर कोरलेलं आहे:
सौ. पद्मावती, २६-५-७४.
अण्णांनी गूळ सांगितलाय, गुडघा सांगितलाय,
निपाणीची बहीण, पोराचं पुण्यातलं घर.
हे नाव चार वर्षांत एकदाही नाही.

माझी बेरीज आपोआप सुरू झाली,
मी ती अर्ध्यात मोडली.
झाकण उघडताना माणूस किती थांबतो
ते ऐकायला इथंही बंदीच असावी.

आत गुळाची पोळी.
जाड, कडेला करपलेली, कुठल्याशा तालुक्याच्या आकाराची.
त्यांनी मधोमध मोडली,
मोठा तुकडा माझ्याकडं सरकवला.
मी पास म्हणणार होते.
घेतला.