मसुद्यातलं खरं

कायद्याचा मसुदा कन्नडात आला, सव्वीस पानं,
कोपऱ्याला गंजकी टाचणी.
वाचनालयाच्या सेक्रेटरींनी माझ्यापुढं सरकवला,
म्हणाले, शनिवारच्या सभेआधी मराठी करून द्या,
लोकांना कळू दे कशावर भांडायचंय.

बातमीला कन्नडात सुद्दी म्हणतात.
मराठी कानाला वाटतं, कुणीतरी शुद्धीवर येतंय.
खोटी असली तर सुळ्ळ सुद्दी.
मी ‘असत्य वृत्त’ लिहिलं आणि खोडलं.
निपाणीत असत्य वृत्त कुणी पसरवत नाही,
इथं पुड्या सोडतात.
खरं, कलमात पुडी कशी बांधायची?

शनिवारी माडीवर चाळीस खुर्च्या भरल्या.
प्रत्येकाच्या कानात अजून
गेल्या श्रावणातला अकरा सेकंदांचा तो आवाज:
हुक्केरीकडचं एक पोर ओरडतंय,
मामा बंद! मामा बंद!

मामा आला, एवढंच.
दोन वर्षांनी, मस्कतहून, फाटकात बॅग टेकवून.
कन्नडात बंद म्हणजे आला.
चार फोन ओलांडून आवाज आमच्यात उतरला
तोवर मामा गळाला होता.
राहिलं ते बंद.
त्याच्याआधी कुणीतरी ‘उद्या’ जोडलं.

दुसऱ्या दिवशी शटरं वर गेलीच नाहीत.
कोगनोळीला एसट्या उभ्या.
दस्तगीर बागवानांच्या नऊ क्रेट टोमॅटोंचं पाणी झालं
आणि मुतगेकर बाईंची सून
कळा देत हातगाडीवरून दवाखान्यात गेली.

वकील होसमनी म्हणाले, तीन वर्षं आत टाका.
टाळ्या पडल्या.
बागवान बसूनच म्हणाले, कुणाला? पोराला?
ते तर खरं बोललं.
ज्यानं पुढं ढकललं त्यालाही ते खरंच वाटलं.
आणि मी? मी ऐकून दुकान लावलं,
मला पण टाकणार?

मग मुतगेकर बाई उठल्या.
शिक्षा द्या की.
खरं ठरवणार कोण?

इथं माझं इतिवृत्त अडलं.
आमच्याकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात.
बाईंनी पण म्हटलं, की सत्य?
कन्नडात नेताना एकच घ्यावं लागतं,
आणि वर जाणारी प्रत कन्नडातच जाते.
बाई थांबल्या नाहीत:
बेंगळुरातला साहेब आज पुडी पुसणार,
उद्या आमचं गाऱ्हाणंच पुसलं
तर ते परत कुठल्या भाषेत मागूचं?

भरमा अष्टेकर, पोस्टातनं रिटायर,
बोलायला उठले आणि आधी चष्मा पुसत राहिले.
बत्तीस वर्षांत पाकीट फोडलं नाही कुणाचं, म्हणाले.
खरं, एक तार होती.
पोरीला हळद लागूलाली, आणि तिचा थोरला भाऊ तिकडं गेलेला.
दोन दिवस खिशात ठेवली.
तिसऱ्या दिवशी दिली, तर बापानं पाया धरले माझे.
पोरगी अजून बोलत नाही.
तुमच्या ह्या सव्वीस पानांत
मी कुठल्या कलमात बसतोय बघा जरा.

कुणी पान उलटलं नाही.

भिंतीकडेला शिवलीला होती, त्या पोराची आई.
मराठी येत नाही तिला.
फोन अजून ठाण्यात, पुरावा म्हणून.
भाऊ गणपतीनंतर परत गेला,
त्याचा आवाज त्याच फोनवर यायचा.
मी अधूनमधून तिच्या कानाशी वाकून सांगत होते
काय चाललंय ते, जमेल तेवढं.
तारेचं सांगितलं नाही.

मतं घ्यायची राहूनच गेली.
साडेआठला शिपायानं जिन्यातून डोकं वर काढलं,
हातात किल्ल्यांचा जुडगा:
बंद?

आम्ही पिशव्या उचलल्या, चपला शोधू लागलो.
शिवलीला ताडकन उठून
दाराकडं बघत राहिली.