पांढऱ्यावर पांढरं

वितोल्ड्समामाच्या वहीत
एक्याऐंशी सालापासूनचा प्रत्येक अकॉर्डियन आहे.
कुणाचा, कुठल्या गावचा, भाता कुठे उसवला,
पोलादी जिभल्यांपैकी कुठली मुकी झाली.
पैसे मिळाले की ओळीपुढे एक तिरकी रेघ.
बऱ्याच ओळींपुढे रेघ नाही.

दाउगावपिल्समध्ये कुणी दुरुस्तीवाला शोधला
तर आधी रीगातली तीन दुकानं दिसायची,
मग जर्मनीतला एक कारखाना,
मग शनिवारी अकॉर्डियन वाजतो अशा खानावळीचं मेनूकार्ड,
आणि चौथ्या पानाच्या तळाशी मामा.
"चौथ्या पानापर्यंत जातंय कोण?" मी म्हणालो.
मामानं वही काढून चौथं पान उघडलं.
"का? चांगलं आहे की."

मग मीच कामाला लागलो.
पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत लिहिलं
अकॉर्डियन दुरुस्ती अकॉर्डियन दुरुस्ती स्वस्त अकॉर्डियन दुरुस्ती
चारशे वेळा,
माणसाला दिसू नये, यंत्रानं मात्र वाचावं म्हणून.
खिडकीबाहेर जानेवारीचं तेच चाललं होतं.

गावं जोडली: प्रेइल्यी, लीवानी, क्रास्लावा.
प्रत्येक गावाला एक पान,
प्रत्येक पानावर 'आमचं दुकान', घर क्रमांकासकट.
माणसंही जन्माला घातली.
प्रेइल्यीची अंतोनिना, पाच तारे:
'आजोबांचा अकॉर्डियन पुन्हा श्वास घेऊ लागला.'
मामा रात्री अकरापर्यंत वही चाळत बसला.
"कुठली ही अंतोनिना?
हिचा बाजा मला आठवत कसा नाही?"
मी म्हणालो, वय झालं तुझं.
एवढं एक वाक्य मला परत घ्यायचंय.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही पहिले.
रीगा खाली, जर्मनी खाली, खानावळ दिसेनाशी.
फोन वाजायला लागला,
मामीनं जुना केटल टाकून नवा आणला.

फेब्रुवारीत एक फोन आला क्रास्लावाहून.
लेओकादिया नावाची बाई.
नवऱ्याचा अकॉर्डियन पोरांच्या घसरगाडीवर बांधून
उणे चौदात ओढत आणला होता तिनं
शाळेमागच्या गल्लीत, नऊ नंबरला.
तिथे बंद पडलेली लाँड्री होती.
"तुमची पाटी बर्फाखाली गेली का हो?" तिनं विचारलं.
रागानं नाही. खरंच विचारत होती.

फोन ठेवून मामानं माझ्याकडे पाहिलं.
"क्रास्लावात आपलं दुकान आहे?"
मी सगळं सांगितलं. पांढरी अक्षरं, गावं, तारे.
बिघडलेल्या सुराला लावतो तसा
कान माझ्या तोंडाजवळ आणून तो ऐकत राहिला.
कुठे हवा सुटतेय ते त्याला बरोबर कळतं.
मग म्हणाला, "गाडीच्या किल्ल्या दे."

पंचेचाळीस किलोमीटर, नदीच्या कडेकडेनं, एक शब्द नाही.
तिच्या स्वयंपाकघरात, बटाट्याची सालं बाजूला सारून
त्यानं भाता उघडला.
आतून तंबाखूचा वास आला
आणि ती बाई उठून खिडकीपाशी गेली.
दोन जिभल्या बदलल्या, एका कोपऱ्याला चामडं लावलं.
पैसे घेतले नाहीत.
"इथलं दुकान आज उघडलं," म्हणाला,
"पहिलं गिऱ्हाईक फुकट."

एप्रिलमध्ये यंत्राला सुगावा लागला.
एका रात्रीत आम्ही चाळिसाव्या पानाच्याही पलीकडे,
जिथे कुणी कुणाला शोधत नाही.
रीगा पुन्हा वर, मेनूकार्ड पुन्हा वर.
पांढरी अक्षरं मी एकेक करून पुसली.
पुसताना ती निळी व्हायची,
आणि तेव्हाच काय ती दिसायची.

मामा अजून गुरुवारी क्रास्लावाला जातो.
लाँड्रीवाल्यानं एक टेबल दिलंय.
कधी दोन जण येतात, कधी कुणीच नाही.

परवा वही चाळताना मला एक ओळ सापडली,
त्याच्या हातची, शिसपेन्सिलीनं:
अंतोनिना, प्रेइल्यी. आजोबांचा.
काय बिघडलंय ती जागा कोरी.
"राहू दे," मामा म्हणाला,
"आलीच एखाद वेळेस, तर जागा असावी."