सुखरूप

सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच.
नगर कार्यालयाचा दुसरा मजला,
झेरॉक्स मशीनमागची काचेची खोली.
मी बटण दाबते
आणि डोंगरउतारावरच्या अठ्ठावीस वस्त्यांत
खांबांवरचे कर्णे एकदम घसा खाकरतात.

कुसाकाबेबाई निवृत्त होताना एवढंच शिकवून गेल्या:
थोडं बोल. मग थांब.
डोंगर तेच परत म्हणतो, त्याला म्हणू दे.
घाई केलीस तर तुझंच बोलणं तुझ्या बोलण्यावर आदळेल
आणि नदीकाठच्या घरांना ऐकू जाईल
नुसता कलकलाट.

म्हणून मी थांबते.

सर्व रहिवाशांना
कळविण्यात येते की
उद्या, बुधवारी,
न जळणारा कचरा उचलला जाणार नाही.
काल शाळेमागे
पर्सिमनच्या झाडाखाली
अस्वल दिसले.
मुलांच्या दप्तराला घंटा बांधावी.
फ्लूची लस शुक्रवारी,
येताना बाह्या वर जातील असे कपडे घालावेत.

अकरा वर्षं.
बाजारात भाजीवाली मला चेहऱ्याने ओळखत नाही,
पण मी “दोन मुळे द्या” म्हटलं की
तिचा हात तराजूवर थबकतो,
पुढे काही सूचना आहे का म्हणून.

ओमोतेझावा आजोबा दर महिन्याला तक्रार घेऊन यायचे.
खांब अगदी त्यांच्या खिडकीशी.
“बाई, तुम्ही पाचला बोलता
तेव्हा माझा चहा कपात थरथरतो.”
अर्ज क्रमांक चारशे बारा.
विषय: आवाज कमी करणेबाबत.
सोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेली कांद्याची पात,
जी अर्जाला जोडता येत नव्हती
आणि परतही करता येत नव्हती.
मार्चमध्ये मंजुरी आली.
त्यांच्या खांबाचा आवाज
मीच दोन घरं खाली आणला.

नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी
विभागप्रमुख मोरिवाकींनी कागद पुढे केला.
दुपारपासून एक व्यक्ती बेपत्ता आहे.
वय शहाऐंशी.
उंची पाच फूट एक.
करडं जॅकेट, हिरवी लोकरी टोपी,
पायात घरातल्या सपाता.
नाव सांगायचं नाही असा नियम आहे,
आणि हिरवी लोकरी टोपी
अख्ख्या नगरात एकच आहे.

मी तीनदा वाचलं.
तिन्ही वेळा मनात आलं,
खिडकीशी, दोन घरं खाली,
त्यांना स्वतःचं वर्णन ऐकू गेलं असेल का?
की चहा नुसता
शांत राहिला असेल कपात?

रात्रभर विजेऱ्या फिरल्या.
अग्निशमन दलाची पोरं, करवतगिरणीतले कामगार,
जाड हातमोजे घातलेली पोस्टमन बाई.

आमच्याकडे दोन वाक्यं ठरलेली आहेत.
एक: शोध सुरू असलेली व्यक्ती सुखरूप सापडली आहे.
दुसरं: शोध सुरू असलेली व्यक्ती सापडली आहे.
बाकी सगळं सारखं,
आभारसुद्धा.

सकाळी पावणेसातला कागद हातात आला.
मी आधी मजकूर वाचला नाही,
तो एक शब्द शोधला.
वरून खाली.
मग खालून वर.
मोरिवाकी खिडकीबाहेर पार्किंगकडे बघत होते.
तिथे तेव्हा एकही गाडी नव्हती.

शोध सुरू असलेली व्यक्ती
सापडली आहे.
सहकार्याबद्दल सर्वांचे आभार.

थांबले.
नेहमीपेक्षा जास्त थांबले.
डोंगराने सगळं परत म्हटलं,
शब्दाला शब्द,
पदरचं काही घातलं नाही.
खाली रस्त्यावर दूधवाल्याने सायकल उभी केली,
टोपी काढली,
पुन्हा घातली.

त्याच कागदावर खाली
पाणीपुरवठ्याची सूचना होती.
ती पण वाचायचीच होती.

जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी
आज दहा ते तीन
पाणी बंद राहील.
कृपया
आधीच भरून ठेवावे.